फोटो उजळ, अल्बम काळा

घरी बसून लग्नाचे, सहलींचे फोटो एडिट करणाऱ्यांची लॅबबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार एकच असते. स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं, प्रिंट मात्र काळवंडून आले. लॅबवाला म्हणतो, तुमची फाइलच डार्क होती. दोघांची थोडी हमरीतुमरी होते, आणि बहुतेक वेळा लॅबवाल्याचंच बरोबर असतं.

नवा मॉनिटर खोक्यातून बाहेर पडतो तोच मुळी भडक होऊन, दुकानातल्या लखलखाटातही उठून दिसावा म्हणून. त्याचा पूर्ण उजेड साधारण २५० ते ३५० निट्स असतो. फोटोच्या कामाला, तेही घरच्या दिव्याखाली, ८० ते १२० निट्स पुरतात. २४० निट्सवर काम करणाऱ्याला फोटो हवा त्याच्या दुप्पट उजेडात, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात एक पूर्ण स्टॉप जास्त दिसतो. साहजिकच तो एक्स्पोजरचा स्लायडर डावीकडे ओढतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीत जेवढा प्रकाश असेल तेवढ्यावरच त्याला भागवायचं असतं. तिथे ती ओढाताण लगेच उघडी पडते.

त्यामुळे नवा मॉनिटर घेण्याआधी जुन्याचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून आठवडाभर काम करून बघावं. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटते, मग डोळे सरावतात. तक्रार एवढ्यावर मिटली तर पैसे वाचले. नाही मिटली, तर मात्र खरेदीचा विचार करायला हरकत नाही. फक्त ती खरेदी टीव्हीसारखी करून चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत ओळीनं मॉनिटर लावलेले असतात. सगळ्यांवर एकच डेमो चालू असला तरी कुठल्याही दोन पडद्यांचा लाल रंग सारखा नसतो. गिऱ्हाइकाचं बोट जातं ते सगळ्यात चकचकीत पडद्याकडे. फोटो एडिट करणाऱ्यानं नेमका तोच आधी बाद करावा. त्याला चित्र खुलवणारा पडदा नको आहे, फाइलमध्ये जे आहे तेवढंच दाखवणारा हवा आहे.

या दोहोंत फरक काय, ते जेजुरीच्या एखाद्या फोटोवर चांगलं दिसतं. सोमवतीला गडावर उधळलेला भंडारा घ्या. डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. उन्हातल्या हळदीच्या पिवळ्यात लाल आकडा २५५ ला टेकतो आणि निळा शून्याकडे घसरतो. हवेतला ढग, पायऱ्यांवरचा थर, माणसांच्या कपाळावर बसलेली हळद यांतला सगळा फरक मग एकट्या हिरव्या आकड्यावर येऊन पडतो. स्वस्त, रंगांचा आवाका कमी असलेल्या स्क्रीनवर हा पिवळा मळकट दिसतो. एडिट करणारा सॅच्युरेशन वाढवतो. फाइलमध्ये लाल आणि निळा दोन्ही आकडे आपापल्या टोकाला जाऊन आपटतात, भंडाऱ्यातली वळणं पुसली जातात, आणि त्या स्क्रीनवर त्याचा पत्ताही लागत नाही. तोच फोटो नातेवाइकांच्या फोनवर उघडला की प्लास्टिकसारखा पिवळा दिसतो. उलट, जास्तच रंगीत स्क्रीनवर काम करणाऱ्याला भंडारा केशरी आणि अंगावर येणारा वाटतो. तो सॅच्युरेशन उतरवतो, आणि बाकी जगाला फिकट बेसन दिसतं.

रंगांचा हा आवाका ठरलेल्या मापांत मोजतात. सगळ्यात चलनी माप एसआरजीबी. ते १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकर्ड आणि मायक्रोसॉफ्टच्या चौघांनी मांडलं : मायकेल स्टोक्स, मॅथ्यू अँडरसन, श्रीनिवासन चंद्रशेखर आणि रिकार्डो मोटा. त्या काळच्या काचेच्या जाड मॉनिटरांना जेवढे रंग झेपत होते, तेवढेच त्यांनी धरले. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशात हे क्षेत्र जेमतेम एक तृतीयांश भरतं. तरी इंटरनेट, बहुतेक ॲप्स आणि लग्नाचे अल्बम छापणाऱ्या बहुतेक लॅब आजही याच मापावर चालतात.

दुसरं माप अ‍ॅडोबी आरजीबी, आणि त्याच्या जन्माची गोष्ट मजेशीर आहे. फोटोशॉपचे जनक थॉमस नॉल १९९७-९८ च्या सुमारास टीव्हीच्या एका मानकातले आकडे सॉफ्टवेअरमध्ये घालत होते. त्यांनी जे आकडे उचलले ते प्रत्यक्ष मानकाचे नव्हते, परिशिष्टातल्या आदर्श रंगांचे होते; शिवाय लाल रंगाचा आकडा उतरवताना चूक झाली. गडबड लक्षात येईपर्यंत वापरणाऱ्यांना हे क्षेत्र आवडून गेलं होतं. दुरुस्तीचे प्रयत्न झाले, पण त्यातून काही बरं निघेना. शेवटी चुकीचे आकडे तसेच ठेवून नाव तेवढं बदललं. हिरव्या-निळसर रंगांत हे माप एसआरजीबीपेक्षा बरंच पुढे जातं, आणि चांगल्या इंकजेट प्रिंटरची शाई त्या बाजूला खरोखर पोहोचते. तिसरं माप डिजिटल सिनेमातून आलेलं डीसीआय-पी३. हे लाल-केशरी बाजूला जास्त पसरतं. ॲपलनं २०१५ च्या आयमॅकमध्ये आणि २०१६ च्या आयफोन ७ मध्ये त्याचा एक प्रकार आणला, आणि आता चांगल्या फोनांच्या पडद्यांवर ते सर्रास असतं. झेंडू, गुलाल, भंडारा, पैठणीचा लालबुंद काठ या मंडळींना पी३ जास्त मानवतं.

खोक्यावरचे टक्के वाचताना इथेच पाय घसरतो. ‘७२ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर ते अमेरिकेच्या १९५३ मधल्या रंगीत टीव्हीच्या मानकाशी लावलेलं माप आहे; त्याचा अर्थ साधारण पूर्ण एसआरजीबीएवढं क्षेत्र. ‘४५ टक्के एनटीएससी’ म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम ६०-६५ टक्के रंग, आणि कितीतरी स्वस्त लॅपटॉपचे पडदे याच वर्गातले असतात. ‘१२५ टक्के एसआरजीबी’ हा आकडा आणखी फसवा. क्षेत्र सव्वापट आहे म्हणून मूळचं क्षेत्र पुरतं झाकलं गेलंच असेल असं नाही. एका बाजूला पसरून दुसऱ्या बाजूला ते तोकडं पडू शकतं. विचारायचं ते कव्हरेज, म्हणजे त्या मापातले नेमके किती टक्के रंग पडदा दाखवतो. एसआरजीबीचं कव्हरेज ९९-१०० टक्के ही किमान अट. त्याच्यावर पी३ चे ९५ टक्के मिळाले तर चांगलंच. अ‍ॅडोबी आरजीबीसाठी जास्तीचे पैसे घरी स्वतःचा फोटो प्रिंटर असलेल्यानं किंवा आर्ट पेपरवर प्रिंट काढून घेणाऱ्यानंच मोजावेत. लॅबमध्ये छापल्या जाणाऱ्या करिझ्मा अल्बमपलीकडे ज्याचं काम जात नाही, त्याचे ते पैसे वाया जातात.

मोठ्या आवाक्याच्या पडद्याचा एक उपद्रवही आहे. विंडोजमधली काही ॲप्स रंगांचा हिशेब ठेवतच नाहीत. फाइलमधला आकडा जसाच्या तसा पडद्याकडे ढकलतात. पडदा पी३ चा आणि फाइल एसआरजीबीची असेल तर अशा ॲपमध्ये माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे लाल होतात. लाइटरूममध्ये ठीक दिसणारा फोटो दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये भडक दिसतो तो यामुळे. म्हणून मॉनिटरला स्वतःचा एसआरजीबी मोड आहे का, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस कमी-जास्त करता येतो का, हे घेण्याआधी तपासावं. बऱ्याच मॉनिटरांत तो मोड लावला की ब्राइटनेसचं बटण बंद पडतं. मग तो मोड असून नसल्यासारखाच.

पॅनेलचा प्रकार निवडणं त्या मानानं सोपं आहे. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शाट आणि हेल्फ्रिश यांनी ट्विस्टेड नेमॅटिक, म्हणजे टीएन पद्धत शोधली आणि द्रवस्फटिकांचे पडदे घराघरांत पोहोचायची वाट मोकळी झाली. पण त्या पडद्यासमोर खुर्चीत जरा खाली सरकलं की रंग बदलतात. फोटोच्या कामाला टीएन बादच. हिताचीनं १९९६ मध्ये बाजारात आणलेली आयपीएस पद्धत याच दुखण्यावर निघाली. कडेनं बघितलं तरी रंग जवळपास तसाच राहतो. घरच्या एडिटिंगसाठी आयपीएस घ्यावं, त्यात फार डोकं लावू नये. त्याची उणीव म्हणजे काळा रंग. कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा करडा वाटतो आणि कोपऱ्यांत धुरकट चमक दिसते. व्हीए पॅनेलचा काळा तिपटीनं गडद असतो, पण समोरून बघताना सावल्यांमधले बारकावे गिळले जातात आणि मान हलवली की ते परत वर येतात. नवऱ्या मुलाच्या काळ्या सूटच्या घड्या सांभाळायच्या असतील तर ही लपाछपी परवडत नाही. ओलेडचा काळा निखळ असतो. मात्र फोटोशॉपच्या पट्ट्या तासन्‌तास एकाच जागी उभ्या असतात आणि त्यांचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका आहे. शिवाय बराचसा पडदा पांढरा असला की काही ओलेड आपणहून उजेड उतरवतात. एडिट करताना हे फार खटकतं.

दुकानात वेळ मिळाला तर पेन ड्राइव्हवर नेलेला एखाद्या चेहऱ्याचा फोटो लावून एकदा वाकून आणि एकदा उभं राहून बघावं. सेल्समन चमत्कारिक नजरेनं बघेल, बघू द्यावं.

आकार आणि रिझोल्यूशन हा मात्र नुसत्या आकडेमोडीचा भाग. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंची २५६० × १४४० वर १०९, आणि २७ इंची ४के वर १६३. २४ मेगापिक्सलचा फोटो ६००० × ४००० ठिपक्यांचा. फुल एचडी पडदा त्यातले जेमतेम दोन मेगापिक्सल एका वेळी दाखवतो, ४के सव्वाआठ. लग्नाच्या अल्बमचं १२ × ३६ इंची पान ३०० डीपीआयनं १०,८०० ठिपके रुंद होतं. २७ इंची पडद्याची रुंदी साडेतेवीस इंच. म्हणजे पूर्ण पान खऱ्या मापात अशा पडद्यावर मावत नाही. पण दोन उभे ए४ कागद शेजारी-शेजारी ठेवून टूल्सच्या पट्ट्यांना आरामात जागा उरते ती २७ इंचांत, २४ इंचांत अडचण होते. ४के पडदा अक्षरांना आणि डोळ्यांना सुखाचा आहे यात वाद नाही. त्याची एक खोड लक्षात ठेवावी : १०० टक्के झूमवरही ग्रेन बारीक दिसतो, त्यामुळे शार्पनिंगचा हात सैल सुटतो. शिवाय जुन्या कॉम्प्युटरचं ग्राफिक कार्ड एवढे ठिपके ओढताना धापा टाकतं. बजेट बेताचं असेल तर २७ इंची १४४० चा चांगला पडदा हा ४के च्या सुमार पडद्यापेक्षा केव्हाही बरा.

दहा बिट की आठ बिट यावर गिऱ्हाईक उगाच झोप घालवतं. आठ बिटांत १ कोटी ६७ लाख छटा होतात, दहा बिटांत शंभर कोटींहून जास्त. फरक दिसतो तो निरभ्र आकाशाच्या सलग उतारासारख्या जागी, जिथे आठ बिटांत कधी कधी पट्टे उमटतात. पण लॅबला जाणारी जेपेग फाइल स्वतःच आठ बिटांची असते. खऱ्या आठ बिटांचा पडदा असला म्हणजे झालं. सहा बिटांवर ठिपके झरझर लुकलुकवून आठ भासवणारा मात्र टाळावा.

आता ज्या वस्तूवर खर्च करायला सगळे कचरतात ती : कलरीमीटर, म्हणजे पडद्यावर लटकवायचं मुठीएवढं यंत्र. डेटाकलरची स्पायडर आणि कॅलिब्राइटची यंत्रं आपल्याकडे मिळतात. सॉफ्टवेअर पडद्यावर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं, यंत्र ते मोजतं, आणि मागितलेला रंग व प्रत्यक्ष उमटलेला रंग यांतल्या फरकाची एक फाइल तयार होते. हीच आयसीसी प्रोफाइल. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कन्सॉर्टियमच्या नावानं ती ओळखली जाते. लक्ष्य घरच्या कामासाठी बहुतेक एकच असतं : पांढरा डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांच्या उजेडाचं माप) २.२, आणि उजेड १०० निट्सच्या आसपास. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. त्यात एक बारकी मेख आहे : पडद्यामागचा दिवा साध्या पांढऱ्या एलईडीचा आहे की मोठ्या आवाक्याच्या पडद्यातला, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. चुकीचा पर्याय निवडला तर यंत्र ठामपणे चुकीचं माप देतं आणि पांढरा गुलाबी नाहीतर हिरवट होऊन बसतो.

फॅक्टरीतून कॅलिब्रेट होऊन आलेल्या पडद्यासोबत एक कागद असतो. त्यावर ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ असं छापलेलं असतं. डेल्टा ई म्हणजे मागितलेल्या आणि दिसलेल्या रंगांतलं अंतर. १ च्या आसपास असेल तर नजरेला ते जेमतेम कळतं. कागदावरचा आकडा सरासरीचा असतो, एखाद्या रंगाची चूक तिच्या पोटात लपते. पडदा वर्षभर वापरला की दिव्याचा रंगही हळूहळू सरकतो. तरीही असा कागद असलेला पडदा नसलेल्यापेक्षा खात्रीचा. असूसच्या प्रोआर्ट मालिकेतला २७ इंची पीए२७८क्यूव्ही हा त्या जातीचा ठळक नमुना : १४४० रिझोल्यूशन, आयपीएस, एसआरजीबी पूर्ण, उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड. बेनक्यूच्या एसडब्ल्यू मालिकेत अ‍ॅडोबी आरजीबी ९९ टक्क्यांपर्यंत मिळतं, आणि दुरुस्ती ग्राफिक कार्डात न बसता मॉनिटरच्या स्वतःच्या चिपमध्ये लिहिली जाते, म्हणजे छटा वाया जात नाहीत. जपानच्या आयझो कंपनीच्या कलरएज सीजी पडद्यांत मोजणारा सेन्सरच चौकटीत बसवलेला असतो. ते छपाईच्या धंद्यात पैसे मिळवणाऱ्यांसाठी. हौशी माणसानं ती किंमत ऐकून नुसता नमस्कार करावा. दोन बजेटांत निवड करायची झाली तर महागड्या नुसत्या मॉनिटरपेक्षा मध्यम मॉनिटर अधिक कलरीमीटर ही जोडी घ्यावी. यंत्र महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच लागतं, त्यामुळे तीन-चार मित्रांनी मिळून घेतलं तरी चालतं.

खोलीचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. साडीच्या दुकानातून बायका साडी दाराशी उजेडात नेऊन बघतात, त्यामागे पक्कं शास्त्र आहे : ट्यूबखाली सारखे वाटणारे दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात. मॉनिटर स्वतःचा उजेड देतो खरा, पण बघणारा डोळा खोलीतल्या उजेडाशी जुळवून घेत असतो. मागची भिंत पोपटी असेल तर डोळा हिरव्याला सरावतो आणि हात फोटोत गुलाबी ओतत राहतो. भिंत करडी किंवा फिकट पांढरी असावी, खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला चालेल. एसआरजीबीच्या मानकात खोलीचा उजेड ६४ लक्स धरला आहे, म्हणजे दिवाणखान्यातल्या झगमगाटापेक्षा बराच मंद. प्रिंट तपासायला सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा एक एलईडी दिवा टेबलावर वेगळा ठेवावा. काळ्या कार्डबोर्डाचं तीन बाजूंनी झाकण पडद्याला चिकटवलं तर विकतच्या हूडचं काम भागतं.

मग किरकोळ वाटणाऱ्या पण छळणाऱ्या गोष्टी. विंडोजचा नाइट लाइट वेळ लावून ठेवलेला असला तर संध्याकाळी आपोआप चालू होऊन पडदा पिवळा करतो; प्रिंटमध्ये चेहरे निळे पडलेत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तो बघावा. मॉनिटरच्या मेनूतला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करावा. एचडीएमआयनं जोडलं की कधी कधी कॉम्प्युटर मॉनिटरला टीव्ही समजतो आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवतो; काळा करडा पडतो आणि दोष पॅनेलवर येतो. डिस्प्लेपोर्टची केबल वापरली की हा घोळ सहसा होत नाही. लॅपटॉपवर काम असेल तर चार्जिंगही करणारा यूएसबी-सी पोर्ट असलेला पडदा सोयीचा.

मॉनिटर घरी आला की अर्धा तास तापू द्यावा आणि मग पूर्ण पडदाभर काळा, पांढरा आणि मधला करडा रंग लावून बघावा. करड्यावर दोष लपत नाहीत : एक बाजू गुलाबी, दुसरी हिरवट, कडेला उजेडाचा फराटा, एखादा अडकलेला लाल ठिपका. दोन-चार मेलेले ठिपके वॉरंटीत बसत नाहीत असं बऱ्याच कंपन्यांच्या अटींत असतं. त्यामुळे हे सगळं परत करायच्या मुदतीतच उरकावं, आणि खोकं तोवर रद्दीत देऊ नये.

जुना मॉनिटर विकून फारसं काही हाती येत नाही. तो नव्याच्या शेजारी लावून त्यावर टूल्सच्या पट्ट्या आणि फोल्डर ठेवावेत. दोघांचे रंग जुळवायचा हट्ट धरू नये, वेगळ्या पॅनेलांचे रंग कलरीमीटरनंही पुरते जुळत नाहीत. फोटो नव्यावर, बाकीचा पसारा जुन्यावर.